गोवरीचा तुकडा

ताडकळसच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक गंगाधरच्या डाव्या खांद्यावर होती. उजवा हात कामाचा नव्हता. त्या तळव्याला मायनं जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे त्याचा चेहरा सारखा दचकल्यासारखा दिसत होता. तो माझा धाकटा भाऊ. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा, मॅट्रिकच्या वर्गात. मी विशीतला. मामानं पुण्याच्या एका कारखान्यात माझी सोय लावली होती आणि मी गाव सोडून निघालो होतो.

आबा, आमचे वडील, स्टँडवर आले नाहीत. मायनं फडक्यात दशम्या आणि आदल्या दिवशीचा उरलेला हुरडा बांधून दिला. ट्रंक टपावर चढवून गंगाधर खिडकीपाशी आला आणि म्हणाला, “भाऊ, तू जा. हितली फिकीर करू नको. मी बघतो सगळं.”

माझ्या अंगातल्या सदऱ्याला जळक्या कडब्याचा वास येत होता. गाडी हलली. मी मान वळवली ती परभणी येईपर्यंत सरळ केली नाही. लोकांना वाटलं असेल, पोराला गाव सुटल्याचं दुःख झालंय. मनमाडला गाडी बदलताना मी तो हुरडा फडक्यासकट रुळावर टाकून दिला.

हे मी माझ्या घरच्यांसाठी लिहितो आहे. ताडकळसला राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे नाशिकला, पुण्याला, संभाजीनगरला निघून गेलेल्यांसाठीही. तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट पाठ आहे: गंगाधरनं हुरड्याच्या दिवशी आपल्या यंत्रानं कडब्याची गंजी पेटवली. लग्नात, बारशात, हुरड्याला, कुठंही चार माणसं जमली की ही गोष्ट निघते आणि सगळे हसतात. ती खोटी आहे. गंजी मी पेटवली.

त्या काळात गंगाधर सतत काहीतरी करत बसलेला असायचा. चिपाडाची बैलगाडी तर सगळीच पोरं करायची, पण त्याच्या गाडीची चाकं वंगण घातल्यासारखी फिरायची. पत्र्याचं भिरभिरं करून त्यानं ते माळवदावर लावलं होतं. वारा कुठला आहे ते आबा त्याच्याकडं बघून सांगायचे आणि वर म्हणायचे, “पोट भरतंय का ह्यानं?” त्याच्याकडं एक लाकडी पेटी होती. तारा, खिळे, तुटक्या छत्रीच्या काड्या, सायकलचे छर्रे असं सगळं तिच्यात. शाळेतून आला की दप्तर एकीकडं आणि तो पेटीपाशी. एखादी गोष्ट जमली की तो ओरडायचा नाही, कुणाला बोलवायचाही नाही. नुसता तिच्याकडं बघत बसायचा आणि त्याचे ओठ हलायचे. तेवढं सुख मी नंतर कुणाच्या तोंडावर बघितलं नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी आबांनी शेतात हुरडा ठेवला. मामा आला होता, चुलते होते. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली. ज्वारीची कणसं त्या आरात, लाल निखाऱ्यांत, खुपसायची, भाजली की हातावर चोळायची. गंगाधरनं त्या दिवसासाठी महिनाभर खपून एक वस्तू केली होती. गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याची पाती, जुन्या शिवणयंत्राचं चाक, चामड्याची वादी आणि हातानं फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की आगटीत वारा जायचा आणि गोवऱ्या लालभडक व्हायच्या. त्यानं तिला नाव दिलं होतं फिरती फुंकणी. सकाळभर तो दांडा फिरवत होता. “गंग्या, ठिणग्या उडायल्यात रे, आमाला बी भाजून खातोस का काय!” असं चुलते ओरडत होते आणि हसत होते. मामानं त्याच्या पाठीवर थाप मारली. “मॅट्रिक हो. पुढच्या साली तुला बी नेतो पुण्याला. कारखान्यात असलीच डोकी लागतेत.”

दुपारी मंडळी उठली. आबा जाताना मला म्हणाले, “आगटी तू मोडून ये.” आगटी मोडणं म्हणजे आर माती लोटून विझवणं. आमच्याकडं शेवटी राहणाऱ्यानं ते करायचं असतं. गंगाधर बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर गेला.

मी तेव्हा चोरून बिडी ओढायचो. काडीपेटी जवळ नव्हती. आगटीतून गोवरीचा एक पेटता तुकडा मी दोन काटक्यांत धरून गंजीमागं नेला आणि त्याच्यावर बिडी पेटवली. आपल्या शेतात बसून ओढलेली ती शेवटची बिडी, म्हणून सावकाश ओढली. थोटूक पायाखाली चिरडलं. तुकड्याकडं बघितलं तर तो पांढरा पडला होता, सगळी राख. मी तो तिथंच सोडला, आगटीवर माती लोटली आणि घराकडं निघालो.

शेणाची गोवरी वरून राख झाली तरी आतून किती वेळ जिवंत असते, हे आमच्या घरातल्या लेकराला सुद्धा ठाऊक होतं. माय त्याच राखेतून रोज संध्याकाळी चूल पेटवायची. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

अर्ध्या वाटेत लोकांचा ओरडा ऐकू आला. मागं वळलो तर धूर. मी पोचलो तेव्हा गंगाधर जळत्या गंजीतून हातानं पेंढ्या ओढत होता. दहा-बारा पेंढ्या वाचल्या असतील. मग आबा आले. त्यांनी मला विचारलं, “आगटी मोडली व्हती का?”

“मोडली होती.”

“मंग?”

मी फक्त बाजूला पडलेल्या त्या फुंकणीकडं बघितलं. आबांनी माझ्या डोळ्यांमागोमाग तिकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, गंगाधरनंसुद्धा.

मी एक शब्दही खोटा बोललो नाही, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो.

आबांनी धोंडा घेऊन फुंकणी चेचली. घरी येऊन त्याची पेटी उचलली आणि आडात टाकली. “हाताला चळ लागलाय तुझ्या. पुन्ना काई करताना दिसलास तर हात तोडीन.” नवा कडबा यायला अजून दोन-अडीच महिने होते आणि दावणीला बैल उभे होते. मी पुण्यात मशीनवर हात बसवत होतो तेव्हा गंगाधर नदीकाठच्या गावांत ऊसतोडीला जात होता. मजुरी म्हणून उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, मिळायचं, त्यावर बैल जगले. मॅट्रिकची परीक्षा त्याच दिवसांत होती. तो बसला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मामा पुन्हा त्याचं नाव काढेना. मायनं दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या पत्रात एक ओळ असायची: “गंगाधर चांगला हाय, आता काई करत न्हाई.” ते कौतुकानं लिहिलेलं असायचं.

मी पुण्यात स्थिरावलो. नोकरी, लग्न, दोन खोल्या, मग फ्लॅट. वर्षातून एकदा गावी जायचो. हुरड्याला गेलो की एक गोष्ट दिसायची. गंगाधर आगटी पेटवायचा नाही. त्याचा मुलगा संतोष किंवा दुसरं कुणी पेटवायचं. मात्र सगळे उठून गेले की तो मागं थांबायचा. आगटीवर पाणी, मग माती, मग दगडावर बसून राहायचा. तासाभरानं राखेत तळवा घालून बघायचा आणि मगच उठायचा. लोक म्हणायचे, “गंगाकाकाची ड्युटी चालू झाली.” मला वाटायचं, हा मला दाखवण्यासाठी बसतो. ह्याला सगळं माहीत आहे आणि हा माझी वाट बघतोय. मी लगेच परतीची गाडी धरायचो. बायकोलाही मी हे कधी सांगितलं नाही. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

रिटायर झाल्यावर माझे हात रिकामे झाले. फ्लॅटच्या बाल्कनीत मी एक लाकडी पेटी ठेवली आणि वस्तू करायला लागलो. पत्र्याचं भिरभिरं केलं. चिपाडं पुण्यात मिळेनात, म्हणून झाडूच्या काड्यांची बैलगाडी केली. करवंटीत चिमण्यांना पाणी टांगलं. सकाळी चहा बशीत ओतायचा, उन्हाचा पट्टा पायावर घ्यायचा आणि काहीतरी घासत, वाकवत बसायचं. मला त्यात खरोखर सुख मिळत होतं. सोसायटीतले लोक म्हणायचे, “काका, काय डोकं आहे तुमचं!” आणि मी हसायचो. त्या बाल्कनीतली एकही वस्तू माझ्या डोक्यातून आलेली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात मी फिरती फुंकणी केली. आठवून आठवून केली. वारा कमीच येत होता, पण येत होता. कुंडीत कोळसे पेटवून त्यावर मक्याचं कणीस भाजलं. सुनेनं व्हिडिओ काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अंगठे, फुलं, शाबासकी आली. मग संभाजीनगरच्या विलासनं, आमच्या चुलतभावाच्या पोरानं, लिहिलं: “गंगाकाकाला दाखवू नका, फ्लॅट पेटवील!” खाली हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे, एकाखाली एक. मी ते मोजायचं सोडून दिलं. शेवटी गंगाधरचं उत्तर आलं. फक्त जोडलेले हात.

पोरापोरींसमोर सत्तरीला आलेला माणूस स्वतः न केलेल्या चुकीची माफी मागत होता, आणि माझ्या मांडीवर त्याचंच यंत्र होतं. मी ते पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट काढलं.

ताडकळसला तीन दिवस काढले. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज जिभेवर आलेलं गिळायचो. गंगाधरची बायको भाकरी वाढताना म्हणाली, “भाऊजी, जेवण उतरंना का तुमाला? पुण्याचं पाणी लय लागलं.” तिसऱ्या दिवशी संतोषनं हुरडा ठेवला. जेवणं झाली, माणसं पांगली, गंगाधर दगडावर बसला. मी पिशवीतून फुंकणी काढून त्याच्यापुढं ठेवली. तो मागं सरकला.

“नको भाऊ. माझा हात नको लागाय तिला.”

मग मी सांगितलं. बिडी, गोवरीचा तुकडा, ती राख, आणि आबांपुढं मी कुठं बघितलं ते. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मला वाटलं होतं, तो म्हणेल, मला माहीत होतं. पण त्याचा चेहरा हळूहळू राखाडी होत गेला.

“मला वाटलं मीच,” तो म्हणाला. “पात्याची ठिणगी उडाली आसंल. पात्याला जाळी लावायची राहिली व्हती, तेच डोक्यात. भाऊ, मी आजवर काडी वढली न्हाई. देवापुढचा दिवा बी हीच लावती. आबानं मना केलं म्हनून सोडलं न्हाई मी. मला माझ्याच हाताचं भ्या वाटायचं.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्याचं शिक्षण घेतलं, पुणं घेतलं. मी काय घेतलं ते मला तेव्हा कळलं.

“माझा कसूर हाय, गंगाधर,” मी म्हणालो. 

“हाय तर,” तो म्हणाला. आवाज चढला नाही. “आबा गेले तवा सांगायचं. माय गेली तवा सांगायचं. माय मला म्हनायची, आगीपासून लांब ऱ्हा बाबा.” मग तो आगटीकडं वळला. “आता लिहून दे. सगळ्यायला. तोंडानं सांगितलं तर विलासला चेष्टा वाटंल.”

तो उठला. पिशवी उचलली, तिच्यात फुंकणी टाकली. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाला, “आगटी तू मोडून ये.”

मी त्याच्या दगडावर बसलो. पाणी ओतलं, माती लोटली, थांबलो. तळवा घालून बघितला तर खाली अजून ऊब होती. पुन्हा पाणी, पुन्हा माती. उन्हं कलली तेव्हा राख गार झाली. पुन्हा एकदा बघितली आणि मग उठलो.

घरी आलो तेव्हा गंगाधर ओट्यावर मांडी घालून बसला होता. फुंकणी पूर्ण उकललेली होती, स्क्रू एका ताटलीत ओळीनं लावलेले. मी समोर उभा राहिलो. त्यानं वर बघितलं नाही. एक पातं उजेडाकडं धरून तो म्हणाला, “पाती उलटी बसवलीस. वारा कुठून येईल?”

एवढंच बोलला. मी निघेपर्यंत आणखी काही बोलला नाही. अजून फोनवर बोलत नाही, फोन बायकोकडं देतो. त्यानं मला माफ केलं असं मी इथं लिहिणार नाही, कारण त्यानं तसं म्हटलेलं नाही. त्यानं सांगितलं तसं मी हे लिहून दिलं आहे. विलास, तू आधी वाच, आणि ग्रुपवर जे लिहायचं ते गंगाधरला उद्देशून लिही.

इतकी वर्षं कुणी घर कुठलं विचारलं की मी पुण्याचा पत्ता सांगायचो. गावाचं नाव घेताना जीभ अडखळायची. आता विचारलं तर तो ओटा डोळ्यांपुढं येतो. तिथं माझा भाऊ माझ्यावर रागावून बसलाय, आणि त्याचे ओठ हलतायत.