दोह्याचा दरवाजा

त्या दुपारी आम्ही पटाश्यांना धार लावत होतो. पटाशी म्हणजे लाकूड कोरायचं हत्यार. मी दगडावर घासायचो, माझी बायको सुमन तांब्यातनं पाणी सोडायची. दगड सुकला की पोलाद तापतं, धार जाते. लग्नापासून पाण्याचं काम तिचंच.

"दोह्याला मॉलमधे सरकता जिना आहे म्हणे," ती म्हणाली. "मी तिथे साडी धरू का तुम्हाला?"

"जिना धर."

तीनपैकी दोन पटाश्या झाल्या. "बारकी उद्या करू, चहा टाकते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही.

कतारमधल्या दोह्याची तिकिटं खालिदशेठनी पाठवली होती. तरुणपणी त्यांच्या वडिलांकडे मी अकरा वर्षं सुतारकाम केलं. त्यांच्या घराचा सागवानी दरवाजा माझ्या हातचा. घर पाडून तिथे मॉल उभा राहिला. दरवाजा मॉलमधल्या हॉटेलला लावला, तर तो तडकला. "उस्ताद, तुम ही आओ. भाभी को भी लाओ," असा फोन होता.

आमच्या चांदीप गावाहून मी एकटा गेलो. हत्यारांबरोबर दगड आणि बारकी पटाशी बोथटच पिशवीत टाकली. तिच्यामागे दगडाला हात लावला नव्हता.

मी होतो तेव्हा दोह्यात गोडं पाणी टँकरनं यायचं. आंघोळीला एक डबा. धार लावायला आम्ही दगडावर थुंकायचो. आता जिथे बघाल तिथे काच. मॉलमधे एक दुकान नुसतं पाण्याचं. देशोदेशीच्या बाटल्या देव मांडावेत तशा मांडलेल्या, खालून दिवे. मला हसू आलं. पण त्या शहरानं माझ्या घरावर कौलं चढवली. त्याच्यावर काच चढली म्हणून मी नावं ठेवणार नाही.

दरवाजाच्या दोन दिल्ह्यांना उभी चीर गेली होती. दिल्हा म्हणजे दरवाजाच्या चौकटीत बसवलेली फळी. शेजारी प्लास्टिकमधे नवा दरवाजा तयार होता.

"बाबा, कल शाम को ओपनिंग है," केरळचा इंजिनियर म्हणाला. "पुराना स्टोअर में जाएगा."

"स्टोअर मतलब?"

"मतलब... भंगार."

दिल्हा बसतो त्या चौकटीच्या खाचेत मी बोट फिरवलं. आत गम भरलेला. "ये किसने डाला?"

"एसी में पॅनल हिलता था. आवाज करता था."

"हिलना ही चाहिए उसको."

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून दिल्हा खाचेत मोकळा ठेवतात. यांनी तो चिकटवून टाकला. एसीत तो आकसायला गेला, गम सोडेना, मग चिरला. उपाय एकच. सगळा गम कोरून काढायचा. खाच पाव इंचाची. तिथे बारकीच पटाशी जाते.

दगड घेऊन मी बेसिनवर गेलो. तिथले नळ हात धरला तरच वाहतात. दोन्ही हात पटाशीला, की नळ बंद. मी दगड खाली फरशीवर मांडून बसलो.

खालिदशेठ मागे आले. आता त्यांचीही दाढी पांढरी. त्यांनी त्या दुकानातली पाण्याची बाटली उघडली, पांढरा झगा आवरून खाली बसले. "कितना डालूँ?"

"सूखने मत देना."

"सर, ये इंपोर्टेड है," इंजिनियर कुजबुजला.

"इसने मेरे बाप के घर में थूक से काम किया है. और दो बोतल ला."

तीन बाटल्यांत धार आली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी गम काढला, चिरांत सागाच्याच पट्ट्या बसवल्या, दिल्हे मोकळे केले. दरवाजा एका बोटानं लागला. स्टोअरमधे नवा गेला, प्लास्टिकसकट.

"बाबा, अभी भी थोडा हिलता है," इंजिनियर म्हणाला.

"हिलने दो."

निघताना मी सरकत्या जिन्यानं एकदा वर गेलो, एकदा खाली आलो. दोन्ही वेळा कठडा धरून. खालिदशेठनी विचारलं, काय देऊ? एवढ्या मोठ्या माणसाकडे काय मागणार. ते माझ्यासाठी खाली बसले होते. मी एक रिकामी बाटली मागितली.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं आणि ओट्यावरच्या खिळ्याला ती दगडाच्या वर उलटी टांगली. तिन्ही पटाश्या काढून बसलो. पाणी जरा जास्तच पडत होतं. सुमनचाही हात असाच सैल होता.