जिन्याखालचा सर्व्हर

आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता जिन्याखाली वाकून बघतो आणि विचारतो, "हे काय घुंघुं करतंय?" मग मी सांगायला बसते. एक किस्सा संपला की स्वयंपाकघरातून वैशाली म्हणते, "ताई, ती पालीची सांग ना." ती झाली की सासूबाईंना दही आठवतं. चहा येईपर्यंत पाहुणा ज्या कामाला आला ते काम बाजूलाच राहतं. ऑफिस घरात असलं की किस्से असे आपोआप साठत जातात. त्यांना जागा लागत नाही, हे एक बरं.

आमचं ऑफिस म्हणजे केडगावातल्या आमच्या घराचा हॉल. आम्ही घरांचे नकाशे काढतो. मी आणि माझी धाकटी जाऊ वैशाली कॉम्प्युटरवर, आणि इरफानभाई साईटवर. इरफानभाई मोटारसायकलवरून सगळा जिल्हा फिरतात, मापं घेतात, बांधकामावर लक्ष ठेवतात. आणि सासूबाई. त्यांना ऑफिसात कुठलंच पद नाही, पण त्यांना विचारल्याशिवाय काही हलत नाही.

सुरुवात मिरजगावच्या जिन्यापासून झाली.

तिथल्या जगतापकाकांच्या घराचा नकाशा माझ्या लॅपटॉपवर एक, वैशालीच्या लॅपटॉपवर दुसरा आणि इरफानभाईंच्या पेन ड्राईव्हवर तिसराच होता. आम्ही जिन्याची जागा बदलली होती, पण इरफानभाईंनी प्रिंट नेली ती जुनी. गवंड्याने त्या प्रिंटवरून जमिनीवर फक्कीने रेघा मारल्या.

काका आले. त्यांनी त्या पांढऱ्या रेघांमधून सगळं घर फिरून पाहिलं. दारातून आत शिरले, बैठकीत उभे राहिले, मग एका जागी येऊन थांबले.

"इरफानभाई, आमच्या मंडळीला भाकरी करायला जायचं तर आधी जिना चढायचा आन् मंग उतरायचा, आसं हाय का?"

कुदळ पडायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. पण इरफानभाई घरी आले आणि हेल्मेटसुद्धा न काढता म्हणाले, "वहिनी, सगळे नकाशे एकाच जागी ठेवा. मला फक्त ती जागा दाखवा."

*

एक जागा म्हणजे सर्व्हर. मी चौकशी केली. नवीन, कंपनीचा सर्व्हर आमच्यासारख्यांसाठी नव्हताच. पण वाचता वाचता कळलं की सर्व्हर म्हणजे शेवटी न थांबता चालू राहणारा, सगळ्यांच्या फाईल सांभाळणारा साधा कॉम्प्युटर. पडद्याची गरज नाही, कीबोर्डचीही नाही. मग मला चैन पडेना. हे आपल्याला जमेल का, एवढं बघायचंच होतं.

नगरमध्ये एक कॉम्प्युटर क्लास बंद होत होता. तिथून एक जुना डेस्कटॉप आणला. त्यातला मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पॉवर सप्लाय वापरायचा आणि हार्ड डिस्क तेवढ्या नव्या घ्यायच्या, असं ठरलं. मी हौसेने बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ होती, ती अपेक्षितच होती. पण सीडी ड्राईव्हच्या रिकाम्या खणात कोपऱ्याला चिकटून दोन पांढरी, वाटाण्याएवढी अंडी होती.

"पालीची," वैशाली म्हणाली आणि तीन पावलं मागे गेली.

मी झाडू आणायला वळले तर सासूबाई पुढे आल्या. चष्मा लावून त्यांनी खणात डोकावून पाहिलं. "ती फुटेपर्यंत मशिनला हात लावायचा नाही."

"आई, अहो ऑफिसचं काम आहे."

"तिचंही कामच आहे."

मग काय, आमचा सर्व्हर पालीच्या पिल्लांसाठी थांबला. नव्या डिस्क आल्या, केबल आली, सगळं टेबलावर मांडून ठेवलं. मी रोज टॉर्च घेऊन बघायची. खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात वैतागून बघत होते, नंतर मात्र मलाच उत्सुकता लागली. एक दिवस बघते तर नुसती टरफलं.

पुढे सर्व्हर चालू झाल्यावर त्याच्या वरच्या भिंतीवर एक बारकी पाल दिसायला लागली. वैशालीने तक्रार केली. सासूबाई म्हणाल्या, "तिला हाकलू नकोस. आपण नंतर आलोय."

*

जोडणी केली, बटण दाबलं, पंखा फिरला. पण तात्पुरत्या लावलेल्या पडद्यावर काहीच नाही. नुसते बीप. मशिनमध्ये कुठे बिघाड आहे ते या बीपवरून कळतं. किती वाजले आणि लांब होते की आखूड, यावर सगळं असतं.

वैशालीचा भाऊ संतोष पाथर्डीला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मशिनजवळ धरला.

"दाजी कुठं हायेत?"

"दाजींना काय विचारतोस? मशिन आम्ही जोडलंय," वैशाली म्हणाली.

"बरं, बरं. चालू कर."

मी बटण दाबलं. बीप वाजायला लागले. पलीकडे संतोष कान देऊन ऐकत होता.

"आखूड हायेत. रॅमच असणार. अजून एकदा लाव." पुन्हा लावलं. "व्हय, रॅमच. थांब... ताई, हा शेवटचा लई लांब आला. असला आवाज म्या अजून ऐकला न्हाई. कुठल्या कंपनीचा बोर्ड हाय?"

वैशाली फोन घेऊन म्हणाली, "तो डाळीचा. कुकर लावलाय."

त्याने रॅम काढून तिच्या पट्टीवर खोडरबर घासायला सांगितलं. शाळेतल्या पोरांचं असतं तेच. मी घासलं, फुंकर मारली, परत बसवलं. पडदा उजळला आणि त्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. वैशाली आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. वरण झालं होतं, पण आम्ही दोघी तिथून उठलो नाही.

*

हिवाळ्यात आमच्याकडे दही लागत नाही. सासूबाईंनी पातेलं शालीत गुंडाळून पाहिलं, पिठाच्या डब्यात ठेवून पाहिलं. एके दिवशी जिन्याखाली काहीतरी शोधताना त्यांच्या पायाला सर्व्हरच्या मागच्या पंख्याची ऊब लागली.

दुसऱ्या दिवशी वैशालीची किंकाळी ऐकू आली. सर्व्हरच्या डोक्यावर दुधाचं पातेलं होतं. ते सांडलं असतं तर सगळ्या जिल्ह्याची घरं दुधात गेली असती. शेवटी तडजोड झाली. मागे, पंख्यासमोर, एक पाट ठेवला आणि पातेलं त्याच्यावर. दही असं लागायचं की सुरीने कापावं!

पुढच्याच आठवड्यात सर्व्हर बंद करून आतली धूळ काढायची होती. मी बटणाकडे हात नेला तर सासूबाई म्हणाल्या, "आत्ता नको. विरजण नुकतंच लावलंय." मी थांबले. तेवढ्यात जगतापकाकांचा फोन आला. गच्चीचा नकाशा कधी मिळेल, म्हणून विचारत होते. तो सफाईनंतर पाठवायचा होता. फोन वैशालीने घेतला आणि घाईत बोलून गेली, "काका, दही लागलं की पाठवते."

काका म्हणाले, "निवांत लागू द्या. घाईचं दही चांगलं न्हाई."

*

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. का, ते एका सकाळी कळलं. मशिनमधून कटकट आवाज यायला लागला आणि एक डिस्क गेली. घाबरत घाबरत नकाशे उघडून पाहिले. सगळे जागेवर होते. दुसरी डिस्क काही न बोलता काम करत होती.

सासूबाईंना मी समजावून सांगितलं, "एक आजारी पडली तरी दुसरी सगळं सांभाळते. बाहेरच्याला पत्ताही लागत नाही."

"म्हणजे तुम्हा दोघी जावांसारखं."

मला बरं वाटलं. वैशाली मान वर न करता म्हणाली, "ताई, बंद पडली ती थोरली का धाकटी?"

*

आता पाथर्डीकडच्या घराची गोष्ट.

सोपान आणि मीरा दरवर्षी ऊसतोडीला जातात. गेल्या हंगामात त्यांनी गावाकडे दोन खोल्यांचं घर काढलं. बांधकाम मीराचा भाऊ करत होता, नकाशा आमचा होता. काम चालू असतानाच या दोघांना कोयता घेऊन पश्चिमेकडे जावं लागलं. मागे राहिली सोपानची आई, कौसाबाई. त्यांना ऐकू कमी येतं. फोन कानाला लावून दिला तर "हां, हां" म्हणतात आणि परत देतात.

सोपानच्या मोबाईलमध्ये फोटो उतरवून घ्यायला जागा नव्हती. म्हणून मी सर्व्हरवर त्यांच्या घराचं एक खातं उघडलं आणि लिंक पाठवली. इरफानभाई साईटवर गेले की त्यात फोटो टाकायचे. फोटोत काय आहे ते नावात लिहायचं, हा वैशालीचा नियम: पाया, मागची भिंत, दर्शनी बाजू, असं. तिकडे फडावर दुपारी भाकरी खायला बसले की मीरा आणि सोपान ते उघडून बघायचे.

बांधकाम किती वर आलं ते कळावं म्हणून इरफानभाईंनी पहिल्यांदाच कौसाबाईंना खुणेने भिंतीला लागून उभं केलं होतं. पुढे सांगावंच लागलं नाही. मोटारसायकल दिसली की त्या डोक्यावर पदर घेऊन, हात सरळ सोडून, भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या. फोटोत जोतं त्यांच्या गुडघ्याला आलं, मग भिंत कमरेला, मग खांद्याला.

वैशालीला ते पटेना. "भाई, मावशी कशाला प्रत्येक फोटोत? टेप लावा ना. मापं नीट दिसतील."

तिचं बरोबर होतं. पुढच्या खेपेला इरफानभाईंनी टेप लावला आणि स्वच्छ फोटो काढले. दारावरची पट्टी, खिडकी, कोपरे, सगळं नीट.

दुपारी मीराचा फोन आला. "ताई, घराचा फोटो आला न्हाई."

"आलाय की. उघडत नाहीये का?"

"उघडतुया. खिडकी दिसती. भिंत लई चांगली झाली. पर घराचा न्हाई आला."

मला वाटलं सर्व्हरचंच काही बिघडलं. मी खातं उघडलं, फोटो एकेक तपासले. सगळे होते. तसं सांगितलं. मग फोन सोपानने घेतला.

"ताई, आई बरी हाय ना?"

मी लगेच इरफानभाईंना फोन लावला. ते परतीच्या वाटेवर होते, चहाला थांबले होते. "अहो वहिनी, मावशी ठणठणीत आहेत. त्या उभ्या राहायला आल्या होत्या, मीच त्यांना बाजूला बसवलं. टेप झाकत होत्या."

ते मी मीराला कळवलं. ती "बरं" म्हणाली. पण त्या "बरं"मध्ये काही दम नव्हता. मी पुन्हा इरफानभाईंना फोन करून तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, "चहा संपवतो," आणि फोन ठेवला.

ऊन उतरता उतरता सर्व्हरवर एक फोटो आला. वैशालीने उघडला. मीही तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्यात भिंत नव्हती, खिडकी नव्हती, टेपही नव्हता. सगळ्या पडद्यावर कौसाबाईंचा चेहरा होता, डोक्यावर पदर, नजर सरळ आमच्याकडे.

खाली इरफानभाईंनी नियमाप्रमाणे नाव लिहिलं होतं: दर्शनी बाजू.