चपटा छर्रा

ऐंशीच्या सुमारास महाप्याच्या एका बंद शेडमध्ये आमची एअर रायफलची रेंज होती. तिथे नेमाचे कागद बदलायला जवळच्या गावातले एक काका असायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. ते कागद उतरवायचे, उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटून भोकातून बघायचे आणि न बोलता माझ्या हातात द्यायचे.

मी टोकदार छर्रे वापरायची. टोक असलं की छर्रा सरळ जातो, असं आपलं मला वाटायचं. त्याने कागद मात्र वेडावाकडा फाटायचा आणि नऊ गुण की दहा यावरून मी रोज आम्हाला शिकवणाऱ्या सरांशी हुज्जत घालायची.

एका सकाळी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. तळव्यांचा घाम सलवारीला पुसत मी टोकदार छर्ऱ्यांची डबी उघडली, तेव्हा काका पहिल्यांदाच बोलले.

"बाय, कागद फाटला का भांडायला मिलतं. म्हनून तुला टोकाचा पायजे. चपट्यानं गोल भोक परतं, मंग काय बोलशील?"

मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला. त्या तिरीमिरीत मी सरांनी कधीची देऊन ठेवलेली चपट्या छर्ऱ्यांची डबी फोडली.

शेवटचा नेम धरून मी घोडा दाबला. काकांनी कागद आणून दिला. भोक अगदी गोल होतं. दहाच्या रेघेला नुसतं शिवलं असतं तरी चाललं असतं, पण ते केसभर दूर होतं. माझी निवड एका गुणाने हुकली.

"काय गं, आज भांडण नाही?" सरांनी विचारलं.

मी कागद उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून बघितलं आणि न बोलता काकांच्या हातात दिला.