अवकाशातल्या गाड्यांचं वेळापत्रक

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला त्याला आता दोन वर्षं होतील. सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले आणि मोरीतच बसले. नंदुरबारच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून त्यांना शहाद्याला घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि बोलणं जवळजवळ बंद होतं. डॉक्टरांनी सांगितलं, यांना सगळं कळतं, फक्त बोलायला शब्द सापडत नाहीत. राहिले होते ते चारपाच शब्द. हाई, नही, तठे, देख, म्हणजे हे, नाही, तिथे, बघ. तेही घरच्या अहिराणीतले. ऑफिसात वापरायचे ती मराठी पार पुसली गेली होती.

आबा तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. शहाद्याच्या बसस्थानकातल्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते ठरवायचं, रजिस्टरात लिहायचं आणि माइकवरून पुकारायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही घरासमोरून गाडी गेली की ते घड्याळ बघायचे.

मी कळसाडीच्या शाळेत शिक्षिका आहे. हे गुजरातेत एका कारखान्यात आहेत, पंधरा दिवसांनी एकदा रविवारी येतात. सासूबाई आधीच गेल्या. त्यामुळे सकाळी आबांचं सगळं आवरून, त्यांना नाश्ता भरवून मी शाळेत जायची. दुपारी स्वयंपाकाच्या मावशी त्यांच्याजवळ थांबायच्या आणि मी परत आले की पुन्हा सगळं माझ्याकडे. मी तक्रार करत नव्हते. तक्रार करायलाही थोडं बसावं लागतं.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरांनी आबांना एक रबरी चेंडू दिला होता. उजव्या हाताने दाबत राहा म्हणाले. आबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. दुसरा आणला, तोही फेकला. त्या रविवारी हे आले होते. त्यांनी कपाटातून आपला पुण्याच्या कॉलेजातला व्हिडिओ गेम काढला, धूळ पुसली, टीव्हीला जोडला आणि त्याचा रिमोट आबांच्या दोन्ही हातांत ठेवला.

"खेळू दे त्यासले," मला म्हणाले. "अंगठाले काम भेटी."

त्या खेळाचे चार भाग आहेत. नाव लिहून उपयोग नाही, आमच्याकडे कुणाला ते ठाऊक नाही. खेळणारा एका मालवाहू यानाचा चालक असतो आणि एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माल पोचवतो. मला वाटलं होतं, आबा हा रिमोटही फेकतील. पण ते खेळले. पहिल्या दिवशी यान जागेवरून हललं नाही. आठवड्याने ते गोदीच्या भिंतीवर आदळलं. आदळलं म्हणजे हललं, असं मी ह्यांना फोनवर कळवलं.

मग ह्यांनी सांगितलं की याच खेळाशी नातं असलेली एक विज्ञानकथेची मालिकाही आहे, हिंदी आवाजात मिळते. अवकाशातल्या एका स्थानकावर राहणाऱ्या माणसांची गोष्ट. खेळ बनवणारे आणि मालिका बनवणारे एकमेकांचे दोस्त, आणि गंमत म्हणून एकाच्या वस्तू दुसऱ्याच्या घरात लपवून ठेवतात. खेळात शक्ती वाढवायला जी निळी बाटली पितात, तीच मालिकेतल्या खानावळीच्या फळीवर दिसते. मालिकेतल्या दुरुस्ती करणाऱ्या यंत्रमानवाच्या डाव्या खांद्याला पोचा आहे, तसाच पोचा असलेला यंत्रमानव खेळाच्या दुसऱ्या भागात एका कोपऱ्यात उभा आहे. अशा जागा शोधणारे लोक जगभर आहेत आणि त्यांनी एका वेबसाइटवर त्यांची लांबलचक यादी केली आहे. ह्यांनी हे आबांना स्पीकरवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आबांनी टेबलाच्या खणाकडे बोट केलं. "तठे." खणात त्यांच्या नोकरीतल्या कोऱ्या वह्या होत्या.

तिथून माझं नवीन काम सुरू झालं.

संध्याकाळी चहा झाला की मालिकेचा एक भाग लावायचा. आबा मध्येच हात वर करायचे, मग मी चित्र थांबवायचं. ते पडद्यावर काहीतरी दाखवायचे, मी उठून जवळ जायची, हे का, ते का, असं बोट फिरवायची, आणि ते "नही, नही" करत राहायचे. शेवटी "हाई" म्हणाले की ते डाव्या हाताने वहीत लिहायचे. पान उभं आखून घेतलं होतं, डावीकडे खेळ, उजवीकडे मालिका. एका ओळीत तीनचार शब्द, मोठी वाकडी अक्षरं, निम्मी अहिराणी आणि निम्मं इंग्रजी. 'निळी बाटली तठे शे.' तोंडातून न येणारे शब्द कागदावर एकेक करून उतरायचे, एक ओळ लिहायला त्यांना दहा मिनिटं लागत. तेवढ्या वेळात मला बसल्याबसल्या डुलकी लागायची आणि आबा गुडघ्यावर टिचकी मारून उठवायचे.

खरं सांगायचं तर मला त्या यानांमध्ये काडीचा रस नव्हता. दिवसभर चौथीच्या मुलांना भागाकार शिकवून, उभ्याने बसचा प्रवास करून आल्यावर कुणाच्या खांद्याला पोचा आहे हे बघायचं. एका संध्याकाळी एकाच चित्रापाशी त्यांनी मला सात वेळा मागे न्यायला लावलं. मालिकेत कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं, बाकी काही नाही. आठव्या वेळी मी रिमोट पलंगावर टाकला.

"आबा, माले काही समजत नही यामा," मी म्हणाले. "आनि मी थकेल शे. भलती थकेल शे."

आवाज चढला नव्हता. चढवायलाही जोर नव्हता. आबांनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते खेळले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशींनी टीव्ही लावून दिला तर हाताने नको म्हणाले. चौथ्या दिवशी व्यायामाच्या डॉक्टरांनी त्यांचा अंगठा धरून पाहिला आणि मला विचारलं, "काय झालं? पुन्हा कडक झालाय." मी म्हणाले, कंटाळले असतील. त्या रात्रीच्या भाकऱ्या थापताना मला स्वतःची लाज वाटली आणि रागही आला, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते आजही सांगता येणार नाही. जेवण झाल्यावर मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"सांगा, त्या जिनामा काय देखं तुम्हीन?"

आबांनी वही डाव्या हाताने जवळ ओढली. मग त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

जिन्यावरच्या माणसाकडे ते बघतच नव्हते. त्याच्या मागे, भिंतीवर, एक फलक होता. स्थानकातून सुटणाऱ्या यानांचा. मी चित्र थांबवून मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. पाच ओळी, पुढे वेळा. तिसऱ्या ओळीवर इंग्रजीत 'रद्द' अशा अर्थाचा शब्द. मग आबांनी खेळ लावायला सांगितलं, तिसरा भाग. यान गोदीत नेऊन त्यांनी अगदी हळू, अंगठा थरथरत असताना, ते वळवलं आणि तिकीटघराच्या कोपऱ्यात नेलं. तिथेही फलक होता. पाच ओळी, तिसरी रद्द.

"हाई," आबा म्हणाले. मग त्यांचे ओठ हलायला लागले आणि मला वाटलं त्यांना ठसका लागतोय. पण ते बोलत होते. एका सुरात, नाकातून, माइकवर बोलतात तसं.

"प्रवाशांनी नोंद घ्यावी. फलाट क्रमांक तीनवरून सुटणारी गाडी रद्द करण्यात आली आहे."

अख्खं वाक्य. शुद्ध मराठीत. लकवा झाल्यापासूनच्या सात महिन्यांत त्यांच्या तोंडून सलग तीन शब्द निघाले नव्हते. मी पुढे काही बोलतील म्हणून थांबले. त्यांनीही प्रयत्न केला, कपाळाला घाम आला, पण निघालं ते "तठे... तठे..." एवढंच. त्यांनी डोळे पुसले. मी पाणी दिलं.

नंतर डॉक्टर म्हणाले की असं होतं. हजारदा म्हटलेली गोष्ट डोक्यात वेगळ्या जागी राहते, ती कधीतरी आपोआप बाहेर येते. म्हणून बाकीचं बोलणं परत येईलच असं नाही. मी ह्यांना फोन केला तेव्हा आबा बोलले एवढं सांगितलं, डॉक्टरांचं हे शेवटचं वाक्य नाही सांगितलं.

वेबसाइटच्या यादीत हा फलक नव्हता. मी आबांना ते वाचून दाखवलं, तर त्यांनी मला मोबाइलकडे बोट करून 'पाठव' अशी खूण केली. नाव नोंदवावं लागत होतं, मी 'शहादा बसस्थानक' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. माझ्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, दोन फोटो जोडले. तीन दिवसांनी यादीतल्या नोंदी तपासणाऱ्याचं उत्तर आलं. अवकाशाच्या गोष्टीत सुटणाऱ्या यानांचे फलक सगळीकडेच असतात, एक रद्द असणंही नेहमीचं, हा योगायोग दिसतो, तेव्हा नोंद घेता येत नाही. लिहिणं सभ्य होतं. मी वाचून दाखवलं आणि मनात म्हटलं, सुटले.

आबांनी वही मागितली. दोन संध्याकाळी ते त्या दोन फोटोंवर वाकून बसले. मी पेपर तपासत होते. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं. दोन्ही फलकांवरच्या वेळा त्यांनी उतरवल्या होत्या. वेळा एकसारख्या नव्हत्या, म्हणून मी पहिल्यांदा मान हलवली. त्यांनी वैतागून दोन वेळांच्या मधल्या जागेवर पेन आपटला. मग मी वजाबाकी केली. पहिल्या आणि दुसऱ्या यानात वीस मिनिटं, दोन्हीकडे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात पस्तीस, दोन्हीकडे. रद्द झालेल्याच्या पुढचं यान ठरल्यापेक्षा बारा मिनिटं उशिरा दाखवलेलं होतं, तेही दोन्हीकडे. खेळात आणि मालिकेत घड्याळ वेगळं होतं, वेळापत्रक एकच.

"तिसरीना प्रवासी चौथीमा बठनात," मी म्हणाले. "म्हनीसन चौथीले उशीर व्हयना."

आबांनी मान डोलावली. वर्गात फार दिवसांनी बरोबर उत्तर आलं की मी डोलावते तशी.

ते सगळं मी पुन्हा लिहून पाठवलं, वहीच्या पानाचा फोटोसुद्धा. या वेळी आठ दिवस लागले. मी शाळेतून परतताना बसमध्ये उभी होते तेव्हा मोबाइल वाजला. यादीत नोंद घेतली होती. पुढे तपासणाऱ्याने लिहिलं होतं की इतकी वर्षं हे कुणालाच दिसलं नाही, आणि विचारलं होतं की हे शोधणारे गणिताचे जाणकार आहेत का. मी उभ्यानेच उत्तर लिहिलं, नाही, ते बसगाड्यांचे जाणकार आहेत.

घरी आल्यावर आबांना यादीतली ओळ दाखवली, उत्तर अहिराणीत सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना फार आनंद होईल. त्यांनी ऐकलं, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि मालिकेचा पुढचा भाग लावायची खूण केली. मला जरा चिडायलाच झालं. चहा तरी घेऊ द्या, मी म्हणाले.

पुढच्या रविवारी हे आले तेव्हा मी त्यांना वही दिली. ते ती बराच वेळ उभ्यानेच चाळत राहिले. मग आबांच्या शेजारी पलंगावर बसले. "मी इतला वर्स खेळना, आबा," म्हणाले, "माले कधीच दिसना नही." आबांनी दुसरा रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. बापलेक दुपारभर खेळले. मी आतल्या खोलीत जाऊन झोपले, चार वाजेपर्यंत, कुणी उठवलं नाही.

आता मालिका संपली आहे. आबा चौथा भाग खेळतात, पण पहिल्यासारखं नाही. यादीत त्यांच्या आणखी दोन नोंदी लागल्या, पाच नाकारल्या गेल्या. बोलणं परत आलेलं नाही. पाय थोडा ओढत चालतात. अंगठा मात्र सुटला, आणि गेल्या महिन्यापासून शर्टाची बटणं ते स्वतः लावतात. वेळ लागतो, खालचं एक चुकतं. मला सकाळी दहा मिनिटं मिळतात. त्यात मी काही करत नाही, ओट्यापाशी उभी राहून चहा पिते.