खुर्चीत बसण्याचा तास

मी मूळची कोल्हापूरकडची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीत, कारखान्यांच्या वसाहतीजवळच्या प्राथमिक शाळेत माझी नेमणूक झाली. वर्गातली बरीच मुलं कामगारांची. त्यांच्या घरांना सरकारी विमा होता. ताप-खोकल्याला विम्याचे डॉक्टर औषध देत, दातांसाठी मात्र कुणी नव्हतं. शहरात दातांचे डॉक्टर होते, पण विम्यावर आलेली मुलं ते घेत नसत.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. पाढे सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. ती एकाएकी गप्प झाली. जवळ बोलावून पाहिलं तर गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. तिची आई देवरूखकडची. ती शाळेत आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "लवंग ठेवली, मिठाच्या गुळण्या झाल्या. पोर जेवत नाय, झोपत नाय. बाई, तुम्ही बोललात तर डॉक्टर ऐकतील."

शाळा सुटल्यावर आम्ही तिघी निघालो. पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सभ्यपणे सांगितलं, "विम्याचं काम मी करत नाही. त्यातून लहान मुलांचं तर नाहीच." आईने मुलीचा हात धरला आणि ती जिना उतरली.

बाजारपेठेत आणखी एक दवाखाना होता. तिथले डॉक्टर वयस्कर, बंदरावरच्या मुसलमान घराण्यातले. आई विम्याचं कार्ड पुढे करत होती, पण त्यांनी आधी मुलीचा गाल पाहिला. "कार्डाचं मागाहून बघू," ते म्हणाले, "आधी पू काढू दे." मुलीने आईचा पदर मुठीत गच्च धरला होता. ती रडली, पण तोंड मिटलं नाही. सूज उतरल्यावर त्यांनी किडलेला दात काढला, आणि त्यांच्या बायकोने आतून तिच्यासाठी कोमट पेज आणली. काही दिवसांतच वर्गात पुन्हा तिचे पाढे ऐकू येऊ लागले.

मी डॉक्टरांचे आभार मानायला गेले आणि धीर करून विचारलं, "अशी आणखी मुलं आहेत. आणू का?"

त्यांनी चष्मा पुसला. "मी एकटा किती बघणार, बाई? रविवारी इथले दातांचे डॉक्टर माझ्याकडे चहाला येतात. त्यांना तुम्हीच सांगा. माझं ऐकून कंटाळलेत ते."

त्या रविवारी चहाबरोबर फणसाच्या रसातली वाफवलेली सांदणं होती. मी त्या मुलीची हकीकत सांगितली. मग मुंबईहून नुकतेच शिकून आलेले एक तरुण डॉक्टर म्हणाले, "विम्याचे पैसे उशिरा मिळतात, ते एक वेळ चालेल. पण मूल खुर्चीत बसतच नाही हो. ओरडतं, हात धरतं. बाहेरची माणसं ते ऐकून उठून जातात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हणून गेले, "बसवायचं काम माझं. दात तुम्ही बघा."

सगळे हसले. पण तरुण डॉक्टर म्हणाले, "बरं. गुरुवारी सकाळी आणा."

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांची हातांची खुर्ची वर्गात आणून भिंतीला तिरकी टेकवली. एकेकाने तीत मागे रेलायचं, आ करायचा, आणि दुसऱ्याने माझ्या पर्समधल्या आरशाने दात बघायचे. हेडमास्तर दारात आले. "हा कुठला विषय?"

"आरोग्य," मी म्हणाले.

ते आत आले, टोपी काढून खुर्चीत बसले आणि त्यांनी आ केला. दाढांच्या जागी नुसत्या हिरड्या पाहून मुलं इतकी हसली की निम्मी भीती तिथेच गेली.

मी मुलांना सांगत होते, काही दुखत नाही. तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. "दुखतं, बाई. थोडं. मग थांबतं." मग मुलांकडे वळून म्हणाली, "सुई टोचली की पायाची बोटं हलवायची. तोंड नाय हलवायचं." त्या दिवसापासून खुर्चीचा तास तिनेच घेतला. तिच्यामुळे मुलांशी खोटं बोलायची माझी सवय सुटली.

गुरुवारी त्या तरुण डॉक्टरांच्या दवाखान्यात मुलं ओळीने बसली. एकाने पायाची बोटं हलवत हलवत डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावा घेतला. डॉक्टर कळवळले, मग स्वतःच हसले आणि त्याला पुन्हा आ करायला सांगितलं. दुपारी हात पुसत मला म्हणाले, "पुढच्या वेळी पहिलीची मुलं पाठवा. दात किडायच्या आधी हाताखाली आलेली बरी."

हळूहळू आणखी काही डॉक्टर आले आणि गुरुवार आपसांत वाटून घेऊ लागले. पुढे विम्याच्या डॉक्टरांच्या यादीत त्यांचीही नावं लागली. आम्हाला परत पाठवणारे ते पहिले डॉक्टर कधीच आले नाहीत. त्यांचा मला राग राहिला नाही, कारण राग धरायला सवडच मिळाली नाही. आरोग्याचा तास मी बदली होईपर्यंत घेतला. त्या मुलांचे, त्यांच्या आयांचे आणि मला परक्या गावात आपलं म्हणणाऱ्या बाजारपेठेतल्या त्या डॉक्टर नवराबायकोचे माझ्यावर किती उपकार आहेत, ते मी कधी नीट बोलून दाखवलं नाही. म्हणून आज लिहिते आहे.