दोन बोटं कापड

कुठलीही वस्तू हातात आली की आपा आधी डोळे मिटायच्या. कात्री असो, वांगं असो, नाहीतर कुणाचं तान्हं लेकरू असो, डोळे मिटून जरा तोलून बघायच्या आणि मग म्हणायच्या, "हाताला बसलं पाहिजे. डोळ्याला काय, काहीबी आवडतं."

तुमच्या गल्लीतही अशी एखादी ब्लाउज शिवणारी असेल. आमच्या नांदेडच्या गल्लीतल्या त्या आपा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला 'दुल्हन' म्हटलं आणि माझ्या तोंडात कवळी बसली तरी तेच म्हणत राहिल्या.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगावं. वेणी कमरेपर्यंत, अक्कल मानेपर्यंतही नाही. मला सिनेमातल्या बायांसारखं आवळून ब्लाउज हवं होतं. आपांची रीत अशी, की शिवणीच्या आत दोन बोटं कापड दाबून ठेवायचं, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून. मी ठसक्यात सांगितलं, ते कापून टाका, मी काही जाड होणाऱ्यांतली नाही. पाठमोऱ्या बसून त्यांनी कात्री चालवली. "कापलं," म्हणाल्या.

वर्षभरात मी बाळंत झाले आणि तेच ब्लाउज पदराखाली लपवून त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी शिवण उसवली. दोन बोटं कापड आत जसंच्या तसं होतं. बाईनं कात्री नुसती हवेत वाजवली होती.

म्हातारपणी त्यांचा उजवा हात हट्टाला पेटला. जन्मभर कात्री चालवून अंगठा आखडला, बोटं मिटेनात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला, तर तो त्यांनी मांजराला दिला. "चेंडू दाबायला मी काय लेकरू हाय का?" असं सगळ्यांना हसत सांगायच्या. एका दुपारी मात्र सुयांची डबी फळीवर उलटी ठेवत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सुई धरता येईना, दुल्हन. मग मी कोण?"

माझ्याजवळ एक व्यसन तेवढं होतं.

माझी नात विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. तिनं जुना लॅपटॉप माझ्याकडं टाकला, आणि मी त्यावर गेम खेळते. हसू नका. जी बाई तरुणपणी झुरळ दिसलं की कॉटवर उभी राहून नवऱ्याच्या नावानं ओरडायची, ती आता चष्मा लावून अख्खी टोळी गारद करते आणि मग कुकर लावते.

तो लॅपटॉप मी आपांच्या कटिंगच्या टेबलावर नेऊन मांडला. पहिल्यांदा मोठा, वायरवाला माऊस होता. त्यांनी डोळे मिटले. "म्हशीच्या पाठीवर हात ठेवल्यावाणी लागतंय," म्हणाल्या. वरून वायर कापडात गुंतायची. मग नातीनं तिचा गेमिंगचा माऊस दिला. चिकूएवढा, बिनवायरचा, वजनाला सुपारीच्या पुडीसारखा. आपांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. तळव्याला त्याचा उंचवटा बरोबर टेकला होता. बोटं आपसूक जिथं पडली तिथंच त्याची बटणं होती. आणि तो आखडलेला अंगठा जिथं नुसता पडून राहायचा, तिथंही कडेला एक बटण होतं.

"हे बसलं," आपा म्हणाल्या.

बंदुका त्यांना नको होत्या. मग नातीनं होडीचा खेळ घालून दिला. निळं पाणी, लांबवर बेटं, अंगठ्यानं ते कडेचं बटण दाबलं की शीड उघडायचं. आपांनी जन्मात पाणी पाहिलं होतं ते गोदावरीचं आणि विष्णुपुरीच्या धरणाचंच. पहिल्यांदा शीड फुगलं तेव्हा त्या पुढं वाकून म्हणाल्या, "कपडा आडवा कापलाय यांनी." आणि मग होडी हाकीत निघाल्या. उन्हानं गल्ली पांढरी पडलेली, पंखा फिरतोय, भिंतीवरच्या ब्लाउजच्या कापडांवर पडद्यातलं निळं हलतंय, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या पाण्यावरून चाललोय. कधीकधी माझा डोळा लागायचा. जाग आली की आम्ही वेगळ्याच बेटाजवळ असायचो.

तो माऊस शहाबादी फरशीवर किती वेळा आपटला त्याला गणती नाही. एकदा चहात पडला, एकदा मांजरानं पळवला. आपांनी तर त्याच्या चाकात मशीनचं तेल सोडलं. "चाक हाय म्हणजे तेल लागणारच," असं त्यांचं म्हणणं. दोन-चार दिवस ते चाक नुसतं घसरत राहिलं, मग मुकाट्यानं पुन्हा फिरू लागलं. आपा खूश. म्हणाल्या, "बघ. टिकाऊ हाय. आपल्यासारखं."

अंगठा हळूहळू वाकायला लागला. सुयांची डबी मात्र उलटीच होती.

पुढं लेक त्यांना लातूरला घेऊन गेली. निघताना मी माऊस त्यांच्या पिशवीत टाकला; लेकीच्या कॉम्प्युटरवर नातीनं तोच खेळ घालून दिला. मग संध्याकाळी त्या तिकडून, मी इकडून, अशा पाण्यावर भेटायचो. त्यांची होडी नेहमी पुढं असायची. फोनवर म्हणायच्या, "लातुरात प्यायचं पाणी मोजून भरतात, अन् मी बघ, समुद्रात हिंडून राहिले." हाताचं विचारलं की विषय बदलायच्या.

थंडी सरता सरता एका संध्याकाळी त्यांची होडी आली नाही. बेटाला बांधून ठेवल्यासारखी उभी होती. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

नंतर लेक नांदेडला आली ती माऊस परत द्यायला. तो एका इवल्याशा कापडी पिशवीत होता. माझ्याच जुन्या जांभळ्या ब्लाउजपीसचा तुकडा. शिवण हाताची. सुरुवातीचे टाके वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे, मग जरा सावरलेले, आणि शेवटची कड अशी सरळ की मशीननं लाजावं.

मी पिशवी उलटी केली. आत दोन बोटं कापड दाबलेलं होतं.

"चाची, अम्मीचा हात चालत नव्हता ना," लेक ओशाळून म्हणाली, "आत जास्तीचं राहून गेलंय. कापून टाका."

मी लेकीनं सोबत आणलेली आपांची कात्री मागून घेतली, तिच्याकडं पाठ करून बसले आणि हवेत दोनदा वाजवली.

"कापलं," मी म्हणाले.