जसोदाभाभीच्या कॉफीचं भांडं

कॉफीचं एक भांडं निवडायला माणसाला किती वेळ लागावा? आमच्या जसोदाभाभीला पपईचा अख्खा हंगाम पुरला नाही.

जसोदाभाभी माझी मोठी जाऊ. मी रंजना, धाकटी. कळसाडी गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. गेल्या साली सुपडूभाऊ, म्हणजे माझे जेठ, भाभीचे यजमान, गेले आणि भाभी त्या घरात एकटी उरली. तिचा मुलगा योगेंद्र आणि सून कामिनी, दोघंही सुरतेला नोकरीला. योगेंद्र म्हणाला, "आई, चाल आता आमच्याकडे." पोराला तोंडावर नाही म्हणायचा तिचा स्वभावच नाही. ती म्हणाली, "येस ना. पण पहिले मन्ही कॉफी व्हई असं भांडं शोध."

मी मनात म्हटलं, शाब्बास! बरी पळवाट काढली बाईने.

आमच्याकडे सगळं गाव चहाचं. कॉफी आली ती जवळच्या साखर कारखान्यातल्या केमिस्टसाहेबांमुळे. ते कर्नाटकातले, आमच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहायचे. त्यांच्या बायकोने, शारदाक्काने, भाभीला कॉफी शिकवली. पितळेचं दोन मजली भांडं. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, त्यात कॉफीची पूड, वरून उकळतं पाणी, आणि खालच्यात थेंब थेंब उतरणारा काळाभोर अर्क. साहेबांची बदली झाली तेव्हा शारदाक्का ते भांडं भाभीच्या हातात ठेवून गेली. सासूबाईंना वाटायचं, हे काहीतरी बाईमाणसाचं औषध आहे. वाटू दिलं आम्ही!

काय दिवस होते ते! दुपारी गडीमाणसं जेवून केळीच्या शेतात परत गेली की मागच्या दारी आम्ही दोघी बसायचो. अर्क उतरायला वेळ लागायचा, तेवढ्यात निम्म्या गावाची उणीदुणी काढून व्हायची. पुढे भावाभावांची वाटणी झाली. विहिरीवरून बिनसलं, दोघं एकमेकांचं तोंड बघेनात, अंगणात भिंत उभी राहिली. तर ही बाई कप भिंतीवर ठेवायची नि खोकायची. मी अलीकडून उचलायचे. भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून प्यायलो, पण कॉफी चुकवली नाही. भाऊ नंतर बोलायला लागले, भिंत तेवढी राहिली.

ते पितळी भांडं शेवटी बुडाला फुटलं. जोडून द्यायला कुणी कारागीर मिळेना. तेव्हापासून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून आम्ही दिवस काढत होतो.

योगेंद्र मोठा गुणी पोर. त्याने आधी काचेचं भांडं पाठवलं, वरून दांडा दाबायचं, आणि सोबत भाजलेल्या कॉफीच्या बिया. त्या दळायच्या कशात? भाभीने घातल्या मिक्सरमध्ये. आता आमच्याकडचा मिक्सर म्हणजे बारा महिने मिरची दळणारा! पहिल्याच घोटाला मला असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. "भाभी, कॉफी शे का रस्सा शे?" मी ओरडले. ती हसून हसून खालीच बसली. मग त्याने हाताने फिरवायची छोटी चक्की पाठवली. ती मात्र पसंत पडली. काचेचं भांडं तळाशी गाळ ठेवतं म्हणून नापास झालं. पुढचं गॅसवर ठेवायचं, त्यात पाणी खालून वर चढायचं. "जळकी लागस," भाभी म्हणाली. मग विजेचं यंत्र आलं. नेमकी त्या दिवशी लाइट गेली ती दिवेलागणीला आली. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

दिवाळीला योगेंद्र स्वतः आला आणि पिशवीतून त्याने एक छोटंसं स्टीलचं भांडं काढलं. दोन मजली. बुडाला बारीक भोकं. माझा चेहराच उतरला.

भाभीने पूड भरली, न दाबता चमच्याने हलकीच सपाट केली. पाणी गोल फिरवून ओतलं, झाकण ठेवलं. हळूहळू तो जुना वास घरभर पसरला. मला सासूबाई आठवल्या, केळीचं शेत आठवलं, आमच्या दोघींचे काळेभोर केस आठवले. भाभीने अर्कात दूध-साखर घातली, एक घोट घेतला आणि तोच कप माझ्यापुढे केला. मी खोट शोधली. मेली सापडेचना!

"चांगली शे," भाभी म्हणाली.

योगेंद्र खुलला. "मंग बॅग भरू ना, आई?"

भाभीने रिकामं भांडं हातात घेऊन आत डोकावून पाहिलं. "यामा एकच कप व्हस."

"तुले एकच लागी ना! मी नि कामिनी सकाळे जातस ते रातले येतस. दुफारले घरमा तू एकलीच."

प्रेमानेच बोलला बिचारा. भाभीने भांडं खाली ठेवलं.

"एकलीनी मी कधी कॉफी पिधीच नही, पोरा," ती म्हणाली. "माले जमाव नही."

मला इतका आनंद झाला की जिभेला लगामच राहिला नाही. "अरे वेड्या," मी योगेंद्रला म्हटलं, "तिला कुठे यायचं होतं! वर्षभर भांड्यांचं निमित्त करून फिरवलं तुला."

भाभी माझ्याकडे वळली. रागावली नव्हती, पण तिचे डोळे भरले होते.

"तयार व्हतू मी, रंजना. पोरगा एवढा जीव लावस. माले वाटे, एखादं तरी भांडं सापडी जाई, नि मन्हा पाय निंघी."

माझं हसू तिथेच थिजलं. इतके महिने मी गंमत बघत होते, आणि ही बाई खरोखरच शोधत होती. पोरासाठी. माझ्याशिवाय दुपार काढता येते का, ते एकटीच ताडून बघत होती, आणि मला कळूही दिलं नाही तिने.

योगेंद्रने आईचा हात हातात घेतला. "नको येऊ, आई," तो म्हणाला. "मीच येत जासू."

मला त्या दोघांकडे बघवेना. मी उठले आणि अंगणातल्या त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.